टीटी-०२ किट जोडून झाले, आता सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात?

करवीरकर (प्रश्न)

नमस्कार. टामिया या जपानी कंपनीच्या टीटी-०२ चेसिसचे (गाडीच्या सांगाड्याचे) एक दशमांश प्रमाणातले किट मी अलीकडेच जोडून पूर्ण केले. रेडिओ कंट्रोल गाडीचा हा माझा पहिलाच अनुभव आहे. माझ्या किटमधली ५४० आकाराची ब्रश मोटर, प्लास्टिकचे बुश (दांडे ज्यात फिरतात त्या कड्या) आणि तेल नसलेले स्प्रिंगचे डँपर (धक्के झेलणारे भाग) मी तसेच ठेवले आहेत आणि गाडीला सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी लावली आहे. गाडी मुख्यतः इमारतीच्या वाहनतळात आणि सुटीच्या दिवशी एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर चालते.

सध्या तीन गोष्टी खटकतात. डावीकडे वळवून रिमोटचे चाक सोडले की गाडी किंचित डावीकडेच चालत राहते, आणि उजवीकडे वळवले की उजवीकडे. म्हणजे ट्रिम (सरळ दिशा जुळवण्याची रिमोटवरची कळ) कितीही फिरवली तरी सरळ रेषा कायम राहत नाही. मैदानावरच्या सिमेंटच्या सांध्यांवरून जाताना मागची बाजू उड्या मारते. बॅटरी संपत येईपर्यंत मोटर इतकी तापते की तिला हात लावून ठेवता येत नाही. पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, मात्र किटमधले २२ दातांचेच आहे.

सुधारणांसाठी साधारण दहा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एका विक्रेत्याने ब्रशलेस मोटर आणि निळ्या ॲल्युमिनियम भागांचा संपूर्ण संच एकदमच घेण्याचा आग्रह धरला आहे. आधी काय घ्यावे, आणि काय मुळीच घेऊ नये, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

दातेरी चक्र (उत्तर)

करवीरकर, आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे आहे. विक्रेत्याचा संच तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या तिन्ही तक्रारींपैकी एकही ब्रशलेस मोटरने सुटणारी नाही, उलट जास्त वेग आला की तिन्ही वाढतील.

पहिला खर्च बेअरिंगचा करा. प्लास्टिकच्या बुशमध्ये धातूचा दांडा घासत फिरतो, त्यात धूळ शिरली की बुश अंडाकृती झिजतो, दांडा डुगडुगू लागतो आणि मग गिअरचे दात एकमेकांत नीट बसत नाहीत. टामियाचे बहुतेक बुश ज्या मापाचे असतात त्याला ११५० म्हणतात, म्हणजे आतला व्यास ५ मिलिमीटर, बाहेरचा ११ आणि जाडी ४. मात्र सगळ्या जागांचे माप एकच असेल असे गृहीत धरू नका. टीटी-०२ असे नाव लिहिलेला पूर्ण संच मागवावा आणि तो दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेला घ्यावा, कारण धुळीच्या जागी धातूच्या झाकणापेक्षा ते बरे टिकते.

बेअरिंग घालण्यासाठी गिअरबॉक्स उघडालच, तेव्हा तापण्याचे कारणही तपासून घ्या. मोटर काढून ठेवा आणि गाडी हातात धरून चाके फिरवून पाहा. ती सैल फिरत राहिली पाहिजेत. लगेच थांबत असतील तर कुठेतरी अडते आहे: गिअरबॉक्सचे स्क्रू प्रमाणाबाहेर आवळलेले असतात, दातांत कचरा असतो किंवा ग्रीस नको तितके भरलेले असते. मोटरवर पडणारा हा फुकटचा भार काढला की तापणे बरेच कमी होते, तेही पैसे न देता.

स्टिअरिंगबाबत एक तपासणी करावी. आधी ट्रान्समीटर, मग गाडी चालू करा, म्हणजे सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) मध्यावर स्थिर राहील. आता पुढचे चाक बोटांनी हलवा आणि हालचाल कुठे विरते ते दुसऱ्याला बघायला सांगा. सर्व्होचा दांडा न हलता चाक हलते, तर ती फट मधल्या प्लास्टिकच्या भुजांमध्ये किंवा सर्व्हो सेव्हरमध्ये (धक्क्यापासून सर्व्होला वाचवणाऱ्या स्प्रिंगच्या भागात) आहे. सेव्हर नरम असेल तर चाक परत मध्यावर पूर्ण येतच नाही, आपले वर्णन याच्याशीच जुळते. कडक स्प्रिंगचा सेव्हर आणि भुजांसाठी बेअरिंगवर फिरणारा स्टिअरिंग संच, ही या चेसिसवर सर्वांत जास्त जाणवणारी सुधारणा आहे असे माझे मत आहे. नवा सेव्हर बसवताना रेडिओ चालू ठेवून, सर्व्हो मध्यावर असतानाच तो दांड्यावर चढवा. नंतर ट्रिमने ओढून घेण्याचा खटाटोप लागत नाही.

उड्यांवर उपाय म्हणजे तेलाचे डँपर. सध्याच्या डँपरमध्ये केवळ घर्षण आहे. स्प्रिंग दबते आणि जवळजवळ तितक्याच जोराने उसळते, ती उसळी शोषून घेणारे फारसे काही नसते. तेलाच्या डँपरमध्ये छिद्रे असलेला पिस्टन सिलिकॉन तेलातून सरकतो आणि स्प्रिंगला सावकाश परतायला लावतो. टामियाचे सीव्हीए नावाचे प्लास्टिकचे तेलाचे डँपर या कामाला पुरेसे आहेत. भरताना पिस्टन हळूहळू वरखाली करून हवेचे बुडबुडे निघू द्या, नाहीतर चार डँपर चार तऱ्हांनी वागतात.

जाता जाता स्क्रूविषयी. या किटमधले फुलीचे स्क्रू जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यांत पुरता बसत नाही, तो वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो, म्हणून एक चांगला जेआयएस पेचकस घ्यावा. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा, ‘टक्’ असे जाणवले की जुने आटे सापडले, मग सुलट आवळा. दर वेळी नवे आटे पाडले की ते भोक लवकरच निकामी होते.

शून्य ओहम (उत्तर)

वरच्या उत्तराशी सहमत आहे. मी विजेच्या बाजूबद्दल लिहितो.

मोटर बदलण्याआधी किती वेग हवा याचा हिशेब करून पाहा. आपल्या गाडीत ७० दातांचा स्पर (पिनियन ज्याला फिरवते तो मोठा गिअर) आणि २२ दातांचे पिनियन आहे, त्याला आतल्या गिअरचे २.६ धरले की एकूण प्रमाण ८.२७ येते, म्हणजे मोटर ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा फिरते. टायरचा परीघ साधारण २० सेंटिमीटर आहे. ब्रश मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते असे धरले तर ताशी सुमारे २२ किलोमीटर वेग निघतो. ३३०० केव्हीच्या (दर व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे घेणाऱ्या) ब्रशलेस मोटरला ७.४ व्होल्ट दिले तर कागदावर २४,४२० फेरे आणि ताशी सुमारे ३५ किलोमीटर. प्रत्यक्षात भाराखाली दोन्ही आकडे खाली येतात. वाहनतळाच्या खांबांमध्ये ३५ किलोमीटर कुठे वापरणार, हा प्रश्न मला पडतो.

पिनियन मोठे करून वेग वाढवता येतो, २५ दातांनी प्रमाण ७.२८ होईल, पण मोटर आत्ताच तापते आहे तोवर त्या वाटेला जाऊ नये. शिवाय या चेसिसवर मोटर बसवण्याची भोके ठरावीक दातांसाठीच असतात, म्हणून पुस्तिकेतला तक्ता पाहूनच पिनियन घ्या.

मोटरआधी बॅटरीचा विचार करा. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते आणि शेवटपर्यंत जोर टिकवते, त्यामुळे जुन्याच मोटरनेही गाडी तरतरीत वाटते. पण कोणताही सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर तो कायमचा बिघडू शकतो. आपल्या ईएससीमध्ये (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणात) लिथियमसाठी कमी व्होल्टला वीज तोडण्याची सोय आहे का, हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय ती बॅटरी लावू नका. ब्रश मोटरसाठी हॉबीविंग १०६० सारख्या ईएससीवर एक जंपर (छोटी जोडपिन) हलवून बॅटरीचा प्रकार ठरवता येतो. चार्जर सेल समतोल करणारा हवा, ४००० मिलिॲम्पिअर तासांच्या बॅटरीला ४ ॲम्पिअर प्रवाह पुरेसा आहे, आणि भरताना समोर थांबावे. काही दिवस गाडी चालवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. बॅटरीची लांबी, रुंदी, जाडी चेसिसच्या खाचेत मोजूनच मागवा.

करवीरकर

दोघांचेही मनापासून आभार. मोटर काढून चाके फिरवून पाहिली. पुढची छान फिरतात, मागची लगेच थांबतात. मागचा गिअरबॉक्स उघडतोच आहे. ॲल्युमिनियमच्या संचाचा प्रश्न मात्र उरतो. त्याने गाडी मजबूत होणार नाही का?

घाटवळण (उत्तर)

सगळीकडे नाही, आणि काही ठिकाणी उलट परिणाम होतो. गाडी खांबावर आदळली की तो जोर कुठेतरी जिरायला हवा. प्लास्टिकचा सस्पेन्शन आर्म वाकतो आणि परत सरळ होतो, फार झाले तर तुटतो, आणि तो स्वस्तात मिळतो. ॲल्युमिनियमचा आर्म वाकला की तसाच राहतो, किंवा स्वतः शाबूत राहून धक्का चेसिसच्या भोकांपर्यंत पोहोचवतो, तिथले प्लास्टिक फाटते आणि मग पूर्ण चेसिस बदलावी लागते. म्हणून आर्म, बंपर आणि पुढचे नकल (चाक धरून वळणारे भाग) मी प्लास्टिकचेच ठेवतो.

जिथे भाग सतत फिरतो किंवा तापतो तिथे धातूला अर्थ आहे: मोटरचा माउंट, कारण तो उष्णता ओढून घेतो, पुढच्या-मागच्या गिअरबॉक्सना जोडणारा मधला प्रोपेलर शाफ्ट, आणि दातेरी चक्र यांनी सांगितलेला स्टिअरिंग संच. पिनियन पोलादाचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे धुळीत लवकर झिजते. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा, मात्र तो प्लास्टिकला लागू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

माझा दातेरी चक्र यांच्याशी एका बाबतीत मतभेद आहे. तेलाच्या डँपरआधी मी टायर बदलले असते. गुळगुळीत सिमेंटवर कडक टायर घसरतात आणि चालवणारा ते स्टिअरिंगच्या माथी मारतो. १२ मिलिमीटर षटकोनी हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, २६ मिलिमीटर रुंदीचे मऊ रबरी टायर सहज बसतात. मऊ रबर खडबडीत डांबरावर भराभर झिजते, पण आपल्या मैदानावर ते चालेल.

दातेरी चक्र

टायरचा मुद्दा मान्य आहे, पण त्यांची तक्रार घसरण्याची नसून उसळण्याची आहे, म्हणून मी डँपर आधीच ठेवीन. करवीरकर, मागची चाके अडतात तर डिफरेन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) बाजूचे बुश आधी पाहा, आणि गिअरबॉक्सचे झाकण बंद करताना स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. प्रत्येक स्क्रूनंतर चाक फिरवून पाहिले की कोणत्या स्क्रूला ते जड होते हे तिथेच कळेल.

करवीरकर

मागचा एक बुश जागेवर तिरका बसला होता. तो नीट बसवल्यावर चाक मोकळे फिरते आणि मोटर पूर्वीइतकी तापत नाही. बेअरिंगचा संच, कडक सेव्हर आणि सीव्हीए डँपर मागवले आहेत. उरलेले पैसे चांगल्या चार्जरसाठी ठेवतो.