ऑपरेशननंतर घरी आणलेलं मूल आणि त्याचं दुखणं : तुमचे अनुभव सांगा

केळफूल
दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर दुधाच्या हिशोबाची जुनी वही सापडली. मागच्या पानांवर माझंच अक्षर. 'रात्री २.१० औषध. ३ वाजता पाणी, दोन घोट.' लेकाचे टॉन्सिल काढले तेव्हाची, तो ६ वर्षांचा होता, आता बारावीला आहे. वही घेऊन तिथेच शिडीवर बसून राहिले.
सिस्टरनी सहा चेहऱ्यांचा कागद दिला होता, ० म्हणजे हसरा, १० म्हणजे रडका. हा कायम हसऱ्यावर बोट ठेवायचा. तिसऱ्या दिवशी कळलं की रडका दाखवला तर परत नेऊन सुई टोचतील असं त्याला वाटत होतं. मग मी कागद ठेवून दिला आणि त्याच्याकडेच बघायला लागले. थुंकी गिळताना खांदे वर जायचे. तेच लिहायचे, खांदे किती वेळा.
तुम्ही कसं ओळखायचात?

रानपाखरू
पाचवा दिवस!!! आमची पहिले दोन दिवस आईस्क्रीम खाऊन मस्त, आम्ही म्हटलं झालं बरं आणि औषध कमी केलं, पाचव्या दिवशी कान धरून रडायला लागली. कानाला काही झालंच नव्हतं, घशातलंच दुखणं कानात जाणवतं म्हणाले डॉक्टर, एकच नस असते म्हणे. खपली सुटायचे दिवस ते. आणि त्याच सुमारास रक्त येऊ शकतं, ताजं लाल दिसलं तर रात्रीचे २ वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, हे नवीन आईबाबांनी लक्षात ठेवा.

सदाफुली
आमच्याकडे आईस्क्रीमवरून सासूबाईंशी खडाजंगी 😀 थंड द्यायचं नाही म्हणजे नाही. शेवटी डॉक्टरांनी फोनवर त्यांनाच समजावलं, मग स्वतः जाऊन कुल्फी आणली त्यांनी.

ओवी_आई
माझी ११ महिन्यांची, तोंडातल्या टाळूचं ऑपरेशन. बोलता येत नाही, बोट दाखवता येत नाही. हात तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपरांना पट्ट्या बांधलेल्या. वॉर्डात शिकवलं होतं की चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि कुशीत घेतल्यावर शांत होते का, या पाचांना प्रत्येकी ० ते २ मार्क द्यायचे. मला पाय बघूनच कळायचं, पोटाशी घट्ट ओढून घ्यायची. रडणं तर सगळ्याचंच असतं हो, भूक झोप सगळं. पाय खोटं बोलत नाहीत.

केळफूल
@ओवी_आई, काटा आला गं अंगावर. कशी आहे आता?

ओवी_आई
दुसरीत आहे, दिवसभर टकळी चालू 🙂

बाबा_नं१
बाप लोकांनी पण लिहावं म्हणून लिहितो. हर्नियाचं ऑपरेशन, मुलगा ४ वर्षांचा. पॅरासिटॅमॉलची बाटली संपली म्हणून मेडिकलमधून दुसरी आणली, ती ५ मिलीला २५० मिग्रॅ निघाली, आधीची १२५ ची होती. तेवढंच मापटं भरलं होतं, बायकोने लेबल वाचलं म्हणून हात थांबला. डोस वजनावर असतो, बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा.

परदेशी_पाखरू
आम्ही २०११ ला न्यू जर्सीत होतो, मोठ्याला टॉन्सिलनंतर दुखण्यावर कोडीन नावाचं औषध दिलेलं, इतका गाढ झोपला की मी छातीवर हात ठेवून रात्रभर श्वास मोजला. २०१३ ला एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) अशा मुलांना कोडीन देऊ नका म्हणून कडक इशारा काढला, काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार भराभर होतं. वाचून परत ती रात्र आठवली.

चिंचगूळ
आमचा चौथा दिवस चालू आहे, काल रात्री झोपलीये म्हणून औषधाला उठवलं नाही आणि पहाटे जे काय झालं :(

रानपाखरू
@चिंचगूळ उठवून द्यायचं गं, डॉक्टरांनी वेळ दिलीये ना. एकदा दुखणं चढलं की पाणीपण पीत नाहीत, मग घसा कोरडा पडून अजून दुखतं. आम्ही गजर लावायचो.

सदाफुली
आणि पेज दे. कोमट, मिठाचा कण आणि वर तूप. लोणचं नको बरं.

चिंचगूळ
आंबेमोहोरची करू की साध्या तांदळाची? नाचणीची चालेल का, ती घशाला खरखरते ना?

सदाफुली
नाचणी गाळून घे. थांब, माझ्या आईला विचारून सांगते.

चिंचगूळ
उठली. आले.