नैरोबीला शिफ्ट होतोय, घर कुठे बघू?

पावसाळी_ढग:
नवऱ्याचं नैरोबीचं पोस्टिंग फायनल झालंय, दोन वर्षं. मुलगी ६ वर्षांची. नातेवाईकांनी नुसतं घाबरवून सोडलंय. ऑफिस वेस्टलँड्सला आहे, घर कुठे बघायचं? आणि मच्छरदाण्या, पातळ कॉटनचे कपडे किती भरू?

जुना_पाहुणा:
ताई आधी बॅग बदला :) नैरोबी जवळजवळ १,८०० मीटरवर आहे, जुलैत रात्री चांगली थंडी पडते, स्वेटर लागतोच. उंचीमुळे शहरात मलेरियाही फारसा नाही, मोंबासा किंवा किसुमूला जाल तेव्हा मात्र डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. पार्कलँड्स बघा, वेस्टलँड्सला खेटूनच आहे, आपल्या लोकांची, म्हणजे मुख्यतः गुजराती, जुनी वस्ती, डायमंड प्लाझात कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. आणि फ्लॅट बघताना किचनवर भाळू नका, बोअरवेल आहे का विचारा आणि जनरेटर घरातल्या दिव्यांना चालतो का नुसता लिफ्टला. आम्ही नाही विचारलं, मग काय, वर्षभर बादल्या भरून ठेवल्या.

चहाबाज:
+१ बोअरवेल. एम-पेसा (मोबाइलवरून पैसे द्यायची-घ्यायची सोय) पहिल्याच दिवशी सुरू करा, २००७ पासून आहे तिथे, मामा म्बोगा म्हणजे भाजीवाली पण त्यावरच पैसे घेते. प्रीपेड मीटरची वीजही त्यावरच, मेसेजमध्ये २० आकडी टोकन येतं ते मीटरवर दाबायचं, मी पहिल्यांदा अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर तीनदा चुकले.
आणि घड्याळ! स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. मी ऐटीत फुंडीला (नळवाला, सुतार, सगळे फुंडीच) 'सा तातू'ला ये म्हटलं, मला म्हणायचं होतं दुपारी तीन, हा पठ्ठ्या सकाळी नऊला दारात आणि माझ्या डोक्याला मेंदी!

पावसाळी_ढग:
😂 बरं आणि सेफ्टी? सासूबाईंचा तोच घोष चाललाय.

जुना_पाहुणा:
अंधार पडल्यावर पायी नको, कॅब घ्यायची. ट्रॅफिकमध्ये काच उघडी ठेवून फोनवर बोलू नका, हातातून जातो, माझा गेलाय. बाकी लोक फार गोड, लहान मुलांवर तर जीव टाकतात. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या हं, मुलीलाही, ते कार्ड नसेल तर भारतात परत येताना ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात.

पावसाळी_ढग:
बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच चौकशी करते. मच्छरदाण्या कॅन्सल.