मूळ भयपट आणि त्याचा रिमेक: जोडी सुचवा

मंडळी, मदत हवी आहे. शनिवारी आम्ही भावंडं रात्रभर भयपट बघणार आहोत. अट एकच, मूळ सिनेमा आणि लगेच त्याचा रिमेक.

‘लपाछपी’ (२०१७) आणि ‘छोरी’ (२०२१) ठरलेत. दिग्दर्शक एकच, विशाल फुरिया, उसाचं रानही दोन्हीकडे. तरी मला मराठीच जास्त भिडला. उषा नाईक नुसत्या गोड बोलल्या तरी पोटात गोळा येतो! जपानी ‘रिंगू’ (१९९८) की अमेरिकी ‘द रिंग’ (२००२) यावर मात्र घरात भांडण आहे. धाकट्याला रिमेक सरस वाटतो, मी मूळ बघितल्यापासून विहिरीत डोकावत नाही.

रिमेक खरंच तोडीस तोड आहे अशी आणखी एक जोडी सांगा ना. आणि आधी कुठला लावू? रक्तपात कमी असावा, वहिनी उठून जातात.