साखळी–पणजी रोजची ये-जा, पावसाळा तोंडावर: १५० सीसीला टायर कोणते?

साखळीकर_१५०
मंडळी, सल्ला हवाय. गाडी १५० सीसीची, पुढे ८०/१००-१७, मागे १००/९०-१७, दोन्ही ट्यूबलेस. रोज साखळी–पणजी येऊन-जाऊन सत्तरेक किलोमीटर, महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगाव, तेव्हा मागे माणूस आणि सामान. मागच्या टायरचा मधोमध पार गोटा झालाय, कडेच्या खाचा मात्र शाबूत. पुढच्याची निम्मी नक्षी शिल्लक. मऊ रबर घेऊ की कडक? मागे १२० चा (मिलिमीटर रुंदीचा) बसवला तर पावसात पकड वाढेल का? आणि पुढचाही आताच बदलू का?

लालमाती
१२० चा नाद सोडा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

रिम_नि_रबर
का सोडायचा तेही सांगायला हवं. १००/९० साठी दिलेली रिम अरुंद असते. तिच्यावर १२० चा चढवला की टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा जास्त गोल होतो. मग सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा रुंद होण्याऐवजी अरुंद होतो. वर चेनकव्हरला घासायची भीती, वळताना जडपणा, मायलेजला फटका.

मापाच्या पुढे ५५पी असं काहीतरी छापलेलं असेल. ५५ म्हणजे २१८ किलो भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. नवा टायर या दोन्हींत कमी चालणार नाही, जास्त असला तर हरकत नाही.

रबराचं म्हणाल तर पुढे मऊ, मागे मध्यम. ओल्या रस्त्यावर ब्रेकचा बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो, तिथे कंजुसी नको. मागच्याला रोज सत्तर किलोमीटर सरळ पळायचंय, तिथे फार मऊ रबर लवकर संपतं. नक्षी बघताना मधून कडेकडे जाणाऱ्या सलग खाचा बघा. सुट्या मोठ्या ठोकळ्यांचे टायर दिसायला रांगडे, पण ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि ब्रेक मारला की ठोकळे वाकतात. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस, मिशेलिन यांत भांडण लावण्यापेक्षा दुकानात तारीख बघा: बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, २६२४ म्हणजे २०२४ चा २६ वा आठवडा. वर्षाच्या आतला मागा. एमआरएफचा कारखाना आपल्या उसगावला आहे म्हणून इथे माल ताजाच मिळतो असं समजू नका, दुकानाच्या माळ्यावर टायर कितीही दिवस पडून राहतो.

हवा_पाणी
मधोमध झिजला याची दोन कारणं: सरळ रस्ता, आणि हवा जास्त. पंपावर "किती मारू?" विचारल्यावर तोंडातून ३५ (पॉइंट, म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) निघतं, तिथेच घोळ होतो. चेनकव्हरच्या स्टिकरवर काय लिहिलंय?

साखळीकर_१५०
पुढे २५, मागे एकट्याला २८, दोघांना ३२. आणि हो, पंपावर मागे ३५ च मारून घ्यायचो. पावसात दोन-तीन पॉइंट कमी ठेवावी म्हणतात, ते खरं का?

हवा_पाणी
नाही. हवा कमी झाली की टायर मधे दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. पावसात स्टिकरवरचाच आकडा. वाळूत हवा कमी करतात, ते गणित डांबराला लागू नाही. (किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे, तेव्हा तो प्रश्नच नको.)

हवा सकाळी, चाक थंड असताना मोजायची. घाट उतरून आल्यावर मोजली तर तीन-चार पॉइंट जास्त दिसते, ती सोडू नका, थंड झाल्यावर कमी पडते. स्वतःचा गेज ठेवा, पंपावरच्या काट्याचा भरवसा नको. आठवड्यातून एकदा पुरे. नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो.

चेनवाला
पुढच्याचं: नियमाने दुचाकीला ०.८ मिलिमीटर खोली चालते. ती कागदावर. पावसाळ्यात २ च्या खाली गेलेला टायर ठेवू नये. खोली मोजा, मधे आणि दोन्ही बाजूंना. अडीचच्या वर आहे, खाचांच्या तळाशी तडे नाहीत, तारीख पाच वर्षांच्या आतली आहे, तर सप्टेंबरपर्यंत चालवा. तळहात पुढून मागे नि मागून पुढे फिरवा. एका दिशेने करवतीसारखं लागलं किंवा खळगे जाणवले तर आधी शॉक आणि हेड बेअरिंग बघा, नाहीतर नवाही तसाच खाल्ला जाईल.

मागचा एका बाजूने जास्त झिजला असेल तर दोष चाकाच्या रेषेचा. चेन ताणताना स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आल्या का बघत नाहीत, एका बाजूचा नट दोन आटे जास्त फिरवून सोडतात.

रिम_नि_रबर
बसवताना समोर उभे राहा. नवा टायर म्हणजे नवा व्हॉल्व्ह, तो स्वस्त असतो, जुना तडकलेला ठेवू नका. टायर काढल्यावर रिमच्या काठावर बोट फिरवा. खाऱ्या हवेने ॲलॉयवर पांढरी पूड धरते आणि तिथूनच हवा हळूहळू जाते, मग लोक दर आठवड्याला पंक्चर शोधत बसतात. तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. कडेला साबणाचं पाणी लावायचं, ग्रीस किंवा ऑइल नाही. बाण फिरण्याच्या दिशेला, रंगाचा ठिपका असेल तर व्हॉल्व्हपाशी. नंतर बॅलन्सिंग.

पहिले १५० किलोमीटर सावकाश, नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो. चकाकणारं पॉलिश माथ्याला लावू देऊ नका.

लालमाती
एक भर. पहिल्या पावसात डांबरात मुरलेलं तेल आणि धूळ वर येते. डिचोली-साखळी पट्ट्यात त्यात खनिजाची लाल माती मिसळते, त्यावर कुठलाच टायर धरत नाही. तीच गत फेरीबोटीच्या लोखंडी फळीची आणि रॅम्पवरच्या शेवाळाची. तिथे सरळ, पहिल्या गियरमध्ये, पुढच्या ब्रेकला हात न लावता उतरायचं.

साखळीकर_१५०
मनापासून आभार. शेवटचं: घाटात खिळा शिरला तर काठी (ट्यूबलेसचं भोक बुजवायची चिकट रबरी दोरी) मारून बेळगावपर्यंत जावं का?

चेनवाला
माथ्यावर असेल तर जा. खिळा शिरला त्याच कोनात ओढा, भोक कानशीने खरवडा, काठीला सोल्यूशन लावून दुमडून आत ढकला, दोन्ही टोकं सेंटीमीटरभर बाहेर राहू देत, मग कापा. थुंकी किंवा पाणी लावून बुडबुडे बघा, मागे माणूस आहे तेव्हा हवा स्टिकरप्रमाणे ३२ करा आणि बेताने चालवा. परतल्यावर आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ). बाजूच्या भिंतीत शिरला असेल तर काठी मारून पुढे जाऊ नका, टायर बदलायचा.