जुनी डिझेल गाडी: ऑइल गळतंय, घाटात ओढ जाते. टर्बो खरंच गेलाय का?

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड डिझेल सेडान घेतली. २०१४ चं मॉडेल, मॅन्युअल गिअर, मीटरवर १,१२,००० किलोमीटर. घेताना बॉनेट उघडलं तर इंजिन धुऊन लख्ख केलेलं होतं. गाडी निगुतीनं वापरली असणार असं मला वाटलं. गळती कुठून आहे याचा मागही त्या धुण्यात निघून गेला होता, हे आता कळतंय.

आम्ही साताऱ्याला राहतो. दर पंधरवड्याला आईला तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. परत येताना खंबाटकी घाट चढायचा असतो आणि दुखणं तिथेच बाहेर येतं. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमच्या आसपास ओढ एकदम जाते, मागे काळा धूर दिसतो आणि इंजिनाचा दिवा लागतो. गाडी बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा ठीक चालते. मागच्या खेपेला आई शेजारी बसलेली, मागून ट्रक आणि गाडीत दम नाही. ती काही बोलली नाही, पण हँडल धरून बसली होती.

रात्री गाडी उभी केली की सकाळी खाली तीन-चार थेंब काळं ऑइल असतं, साधारण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी. १५०० किलोमीटरमध्ये डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेवरून मध्यावर आली. कूलंट कमी होत नाही. निळा धूर फक्त सकाळी पहिल्यांदा चालू करताना, तोही थोडाच.

दोन गॅरेजमध्ये दाखवलं. पहिल्यानं टर्बोच्या (इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या पंख्याच्या) पुढची नळी काढून आत बोट फिरवलं, ऑइल लागलं, म्हणाला टर्बो गेलाय, नवीन टाका, ४८ हजार. दुसऱ्यानं खालून पाहिलं आणि क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं. स्कॅनरवर कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय.

मला एवढंच विचारायचं आहे: हे दोन वेगळे आजार आहेत की मूळ एकच? आणि टर्बो उतरवण्याआधी काय काय तपासून घेऊ?

प्रतिसाद:

टर्बोला इतक्यात हात लावू नका. डिझेल गाड्यांच्या कामात बरीच वर्षं गेली आहेत, त्यावरून सांगतो.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याचं सील रबरी नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते. आत आलेलं ऑइल रिटर्न पाइपनं आपल्या वजनानं खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) उतरलं, तरच ती रिंग काम करते. रिटर्न पाइप कार्बननं तुंबला किंवा चेंबरमध्येच दाब वाढला, तर चांगल्या टर्बोतूनही ऑइल बाहेर येतं. अशा वेळी नवा टर्बो बसवला तर तोही ऑइल टाकणार.

म्हणून आधी चेंबरमधला दाब बघा. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच ठेवा. थोडी वाफ चालेल. झाकण नाचायला लागलं, फुसफुस जोरात आली, तर एकतर ब्रीदर (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी वाट) तुंबलाय किंवा पिस्टन रिंग झिजल्यात. ब्रीदर साफ करणं स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून.

मग टर्बोच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या काढायला सांगा. ब्रीदरची नळी टर्बोच्या आधी जोडलेली असते, त्यामुळे आतून पातळ तेलकट थर असणं नेहमीचं आहे. बोटाला लागलेल्या ऑइलवरून टर्बो बाद करू नका. इंजिन गार असताना शाफ्ट बोटात धरून हलवा. आडवा किंचित हलणारच. पुढे-मागे मात्र हलताना जाणवता कामा नये आणि टर्बोच्या पंख्याची पाती बाहेरच्या कवचावर घासल्याच्या खुणा नकोत.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. ऑइल जळलं तर निळा येतो. तुमचा घाटातला धूर काळा आहे, म्हणून मला हवा कुठेतरी निसटत असावी असं वाटतं. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज, त्यांचे क्लॅम्प आणि ॲक्च्युएटरची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या भागाची) बारीक व्हॅक्यूम नळी हातानं चाचपून बघा.

गळतीसाठी इंजिन धुऊन कोरडं करा, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोधा. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे जातं, त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. इंटरकूलरमध्ये ऑइल साठलं असेल तर ते काढल्याशिवाय घाट चढू नका. ते इंजिनात ओढलं गेलं तर चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, ऑइलवरच पळत सुटतं. तसं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. हा प्रतिसाद छापून तिसऱ्या गॅरेजमध्ये नेला. मिस्त्रींनी पूर्ण वाचला आणि त्याच क्रमानं काम केलं, याचं मला फार बरं वाटलं.

झाकण सैल केल्याबरोबर नाचायला लागलं. टॅपेट कव्हरमधला (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातला) ब्रीदर गाळानं जवळजवळ बंद झाला होता. शाफ्ट पुढे-मागे अजिबात हलत नव्हता, पाती स्वच्छ होती. इंटरकूलरमधून अर्धा कप ऑइल निघालं. त्याच्या खालच्या होजचं रबर ऑइलनं मऊ पडून क्लॅम्पजवळ चिरलं होतं. हातानं ताणल्याशिवाय चीर दिसत नव्हती. घाटात दाब वाढला की ती उघडत असणार. सगळ्यात वरची ओली जागा टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात सापडली. तिथून ओघळ थेट गिअरबॉक्सच्या जोडावर उतरत होता. म्हणजे मूळ बहुधा एकच होतं: ब्रीदर तुंबून आतला दाब वाढला आणि ऑइल दोन्हीकडून बाहेर पडलं.

ब्रीदर साफ केला, होज आणि टॅपेट पॅकिंग नवीन टाकलं, रिटर्न पाइप काढून धुतला. ऑइल आणि फिल्टरही बदलले. मजुरीसकट ९,४०० रुपये झाले.

त्यानंतर ६०० किलोमीटर झाले. घाट दोनदा चढलो, दुसऱ्यांदा आई बरोबर होती. दिवा लागला नाही, डिपस्टिकवरची पातळी जागची हललेली नाही. गिअरबॉक्सच्या जोडापाशी किंचित ओल अजून आहे, म्हणजे क्रँक सीलही थोडं पाझरत असावं. थेंब मात्र पडत नाही. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, तेव्हा ते सील टाकून घेईन. तोवर दर रविवारी सकाळी गार इंजिनावर डिपस्टिक बघून वहीत लिहून ठेवतोय.