दातांच्या ओपीजीवरून हाडांची ठिसूळता : दंतवैद्याने सांगावं की गप्प बसावं?

उपदाढ (धागाकर्ता)

पाळी बंद झालेल्या बायकांचे ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचे एक्स-रे, रोज निघतात. कोणाला कवळी करायची असते, कोणाला इम्प्लांट, कोणाच्या हिरड्या गेलेल्या असतात. त्या चित्रात खालच्या जबड्याच्या खालच्या कडेचं घट्ट कवच, म्हणजे कॉर्टेक्स, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं. दातांचं बघून झालं की चित्र बंद होतं आणि कवचाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईच्या ओपीजीवर हे कवच मोजा, ३ मिमीपेक्षा कमी भरलं तर अहवालात लिहा आणि तिला डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीला पाठवा. यासाठी वेगळा एक्स-रे काढायचा नाही. दुसऱ्या कारणासाठी निघालेलं चित्र जरा नीट वाचायचं, बस.

मोजायची रीत अशी. खालच्या उपदाढांच्या मुळांखाली मेंटल फोरामेन हे छिद्र शोधा. जबड्याच्या खालच्या कडेला स्पर्शरेषा काढा आणि छिद्राच्या मध्यातून तिच्यावर लंब टाका. त्या लंबावर कवचाच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. दोन्ही बाजू मोजून सरासरी काढा. हीच जागा का? जबड्याच्या कोनाजवळ चावायचे मोठे स्नायू चिकटलेले असतात, त्यांच्या ओढीने तिथलं हाड माणसागणिक बदलतं. छिद्राखाली तो गोंधळ कमी असतो. दात पडल्यावर हाड झिजतं ते मुख्यतः वरच्या बाजूने, खालची कड त्या मानाने टिकून राहते.

आकड्यांवर भरवसा नसेल तर कवचाची आतली कड डोळ्यांनी पाहा. फिनलंडच्या क्लेमेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तीन वर्ग मांडले. सी-१ मध्ये आतली कड सलग, गुळगुळीत असते. सी-२ मध्ये चंद्रकोरीसारख्या खाचा दिसतात, एखाद-दुसरा थर सुटलेला असतो. सी-३ मध्ये कवच सच्छिद्र आणि जाड थरांत विस्कटलेलं असतं. सी-३ सहसा नजरेतून सुटत नाही.

हे हवेतलं नाही. मँचेस्टर, लूव्हेन, माल्मो, अथेन्स आणि अ‍ॅमस्टरडॅम या पाच केंद्रांनी मिळून ऑस्टिओडेंट प्रकल्प केला. ४५ ते ७० वयाच्या साडेसहाशेहून अधिक बायकांचे ओपीजी आणि खुबा व कण्याचा डेक्सा समोरासमोर ठेवून पाहिला. ३ मिमीची रेषा त्याच वर्तुळातून पुढे आली.

भागिले_शून्य

हाड ठिसूळ झालं की कवच पातळ होतं, यावर वाद नाही. उलट दिशेने वाद आहे. कवच पातळ दिसलं म्हणून हाड ठिसूळ आहे असं किती वेळा म्हणता येईल?

समजा ही चाचणी दहातले सहा आजारी पकडते आणि दहातल्या आठ निरोगींना बरोबर सोडते. हे आकडे मी हिशेबापुरते धरलेत, फार कंजूषपणा केलेला नाही. पन्नाशीतल्या १००० बायका घ्या, त्यांत १०० जणींना आजार आहे असं धरा. ६० सापडतील, ४० सुटतील. उरलेल्या ९०० निरोगींपैकी १८० जणींना उगाच बोट दाखवलं जाईल. म्हणजे तुम्ही डेक्साला पाठवलेल्या २४० पैकी १८० जणींना काहीच नसेल. चारात तीन.

पासष्टीपुढे प्रमाण ३० टक्के धरलं तर चित्र सुधारतं. ३२० पाठवल्या, १८० खऱ्या. पण १२० आजारी बायका ‘दातांच्या डॉक्टरांनी बघितलं, हाड ठीक आहे’ असं मनात घेऊन घरी गेल्या. मला त्या १२० जणींची जास्त काळजी वाटते.

आणि त्या वयाला कवच मोजायचंच कशाला? अमेरिकेतली शिफारस पासष्टीपुढच्या सगळ्याच बायकांच्या तपासणीची आहे. वय कळायला ओपीजी लागत नाही.

किलोव्होल्ट

चर्चा मिलिमीटरच्या दशांशावर चालली आहे म्हणून मशीनच्या बाजूने लिहितो.

ओपीजीत चित्र मोठं येतं, साधारण १.२ ते १.३ पट. खरं कवच २.६ मिमी असेल आणि मशीन १.२५ पट मोठं करत असेल तर चित्रावर ३.२५ दिसेल. बाई ‘पास’. आता ३ ची रेषा खऱ्या मिलिमीटरची की चित्रावरच्या? हे न ठरवता मोजणाऱ्याचा आकडा टाकाऊ आहे. काही सॉफ्टवेअर ही वाढ आधीच भागून देतात, काही देत नाहीत. तुमचं देतं का, हे मशीनच्या पुस्तिकेत बघा किंवा ठाऊक व्यासाची स्टीलची गोळी लावून काढलेल्या चित्रावर तपासा. इम्प्लांटच्या नियोजनासाठी अशा गोळ्या वापरतातच.

छापील फिल्मवर पट्टी लावू नका. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र लहान करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर तर मुळीच मोजू नका.

पुढचं म्हणजे बसवणं. हनुवटी फार खाली गेली की जबडा इंग्रजी व्ही सारखा दिसतो, फार वर गेली की सपाट होतो. दोन्हींत खालच्या कडेवर किरणांचा कोन बदलतो. कंठास्थीची (जिभेखालच्या गळ्यातल्या हाडाची) सावली नेमकी त्याच पट्ट्यात येऊन कवचाशी मिसळते आणि कवच जाड भासतं. माणूस फोकसच्या पट्ट्याच्या पुढेमागे उभा राहिला तर आडवी मापं सर्वांत बिघडतात, उभी कमी. आपण उभं मापतो, तेवढंच नशीब.

एक पिक्सेल साधारण ०.१ मिमीचा. २.९ आणि ३.१ यांत दोन पिक्सेलचा फरक. माऊसचा हात हलला तरी तेवढं होतं.

उपदाढ

किलोव्होल्ट, सगळं मान्य. म्हणूनच मी एका रेषेऐवजी पट्टा वापरायला सांगेन. वाढ भागून २.५ च्या खाली आलं तर वर्ग कुठलाही असो, पाठवा. २.५ ते ३ मध्ये सी-२ किंवा सी-३ असेल तर पाठवा. ३ च्या वर असेल तर हाडांबद्दल अवाक्षर काढू नका. हा पट्टा माझा व्यवहारी तोडगा आहे, कुठल्या मार्गदर्शिकेतला नाही.

भागिले_शून्य, तुमच्या १२० जणींचं उत्तर याच शेवटच्या वाक्यात आहे. ‘ठीक आहे’ हा निष्कर्ष ओपीजीवरून कधीच द्यायचा नाही. चाचणी फक्त बोट दाखवायला वापरायची. आणि जिला बोट दाखवलं तिच्यावर शस्त्रक्रिया होत नाही, डेक्सा होतो. त्याची किरणं ओपीजीपेक्षाही कमी असतात.

भागिले_शून्य

‘निष्कर्ष द्यायचा नाही’ हे कागदावर. शेजारणीचा अहवाल ‘डेक्सा करा’ म्हणतो आणि माझ्या अहवालात काहीच नाही, याचा अर्थ बाई काय लावेल? न लिहिलेलंही वाचलं जातं.

थर_थर

संगणकावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण ‘एआय मोजेल की’ हे वाक्य येणारच.

जुनी पद्धत म्हणजे आकाराचं सांख्यिकी प्रारूप. मँचेस्टरच्या गटाने तेच वापरलं. प्रारूपाला अनेक जबड्यांच्या कडा शिकवायच्या, मग नव्या चित्रात ते स्वतः कड शोधून जाडी देतं. चुकलं तर रेषा कुठे भरकटली ते दिसतं आणि हाताने ओढून दुरुस्त करता येते. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते.

नवी पद्धत म्हणजे न्यूरल नेटवर्क. चित्र आत, ‘ठिसूळ’ किंवा ‘ठीक’ बाहेर. शोधनिबंधांत अचूकतेचे आकडे झकास दिसतात. वाचताना एवढं तपासा. शिकवताना उत्तर म्हणून डेक्सा दिला होता, की कोणी डोळ्यांनी ठरवलेला सी-१, सी-२, सी-३ वर्ग? दुसरं असेल तर मशीन डॉक्टरांची नजर शिकलंय, हाड नाही. एकाच बाईची दोन चित्रं शिकवण्याच्या आणि परीक्षेच्या अशा दोन्ही गठ्ठ्यांत गेली का? गेली तर पेपर फुटलेला आहे. आजारी गटाचं वय सत्तर आणि निरोगी गटाचं तीस असेल तर नेटवर्क पडलेले दात आणि ब्रिज मोजून वय ओळखतं आणि त्यालाच ‘ठिसूळपणा’ म्हणतं. उपाय सोपा आहे: फक्त खालच्या कडेचा तुकडा कापून द्या, वय जुळवलेले गट घ्या, आणि परीक्षा दुसऱ्या रुग्णालयातल्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर घ्या. तिथे आकडा घसरला तर घसरलेलाच आकडा खरा धरायचा.

फ्रॅक्टल डायमेन्शनचे (हाडाच्या जाळीची गुंतागुंत एका आकड्यात मांडणारे) निबंधही खूप निघतात. हाडाच्या जाळीचा तुकडा घ्यायचा, धूसर प्रत वजा करायची, १२८ मिळवायचे, काळं-पांढरं करायचं, जाळीचा सांगाडा काढायचा आणि चौकटी मोजायच्या. व्हाइट आणि रुडॉल्फ यांची १९९९ ची कृती. पण मशीनने आपोआप चित्र धारदार केलं किंवा जेपीईजीत दाबलं की सांगाडाच बदलतो. प्रत्यक्ष वापरासाठी मी ते बाजूला ठेवेन.

सकाळी_उपाशीपोटी

औषधांच्या बाजूने. बिनपैशांची चाळणी आधीच आहे: आशियाई बायकांसाठीचं ओएसटीए हे सूत्र. किलोतल्या वजनातून वय वजा करा, ०.२ ने गुणा. उणे १ च्या खाली गेलं तर धोका वाढलेला, उणे ४ च्या खाली बराच जास्त. ४५ किलो, वय ६६: उणे ४.२. हे रिसेप्शनवरची मुलगीही काढेल. कवच मोजण्याआधी हे का नको?

दुसरं, पातळ कवच म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच (हाडांची ठिसूळताच) असं नाही. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आहे. ऑस्टिओमलेशियात हाड मऊ पडतं, कवच पातळ दिसतं, डेक्साही कमी येतो. पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली ग्रंथी) वाढलेली असेल तरी कवच झिजतं आणि दातांच्या मुळांभोवतीची पांढरी रेघही पुसट होते. त्यामुळे कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) पाहिल्याशिवाय हाडांचं औषध अ‍ॅलेंड्रोनेट सुरू करू नये. ड आणि कॅल्शियम खाली असताना झोलेड्रोनेट शिरेतून दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं. दंतवैद्याने चिठ्ठीवर परस्पर गोळी लिहिण्याचा मोह टाळावा.

उपदाढ

ओएसटीए आधी काढा, माझी ना नाही. पण ७२ किलोची, ५८ वर्षांची, संधिवातासाठी स्टिरॉइड घेणारी बाई त्या सूत्रात अधिक २.८ येते. सूत्र म्हणतं निर्धास्त राहा. तिचं कवच वेगळं बोलू शकतं.

सकाळी_उपाशीपोटी

तिच्यासाठी एफआरएएक्स, म्हणजे हाड मोडण्याचा धोका काढणारी प्रश्नावली, आहे. रोज ५ मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक काळ चाललंय का, हा प्रश्न त्यात आहे. आईवडिलांचा खुबा मोडला होता का, हाही आहे. भारतासाठीची आवृत्तीही आहे. एक्स-रेआधी तोंडाने विचारा.

तालुका_चौक

तुम्ही सगळे डेक्सा कोपऱ्यावर मिळतो असं धरून चाललात. तालुक्याच्या गावी ओपीजी मशीन आहे, डेक्सासाठी जिल्ह्याला किंवा पुण्या-मुंबईला जावं लागतं. आमच्याकडे जे येतं ते औषध दुकानाबाहेरचं ‘मोफत हाडांची तपासणी’ शिबिर. टाचेवर अल्ट्रासाउंड, हातात टी-स्कोअरचा (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणाऱ्या आकड्याचा) कागद, आणि कागदाबरोबर कॅल्शियमच्या डब्या.

उपदाढ

त्या कागदाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. टी-स्कोअर उणे २.५ किंवा खाली म्हणजे ठिसूळ हाड, ही व्याख्या डेक्साची आहे, खुबा, कणा आणि मनगटाकडच्या हाडासाठी. टाचेच्या अल्ट्रासाउंडचा टी-स्कोअर त्या पट्टीवर बसत नाही. आकडा दिसायला सारखा, अर्थ वेगळा. ओपीजीवरून निदान टी-स्कोअरचं सोंग तरी कोणी आणत नाही.

भागिले_शून्य

पण तालुक्यातल्या बाईला चारात तीन वेळा उगाच एसटीने जिल्ह्याला पाठवणं तुमच्याच हिशेबात बसत नाही. तिथे तर चाळणी आणखी कडक हवी. माझं मत: ओएसटीए उणे १ च्या खाली असेल आणि कवचही पातळ असेल, दोन्ही एकत्र, तरच पाठवा. याने सुटणाऱ्या वाढतील, हे मला मान्य आहे. तुम्हाला आहे का?

उपदाढ

नाही. सी-३ दिसल्यावर मी वजनाचा काटा शोधत बसणार नाही.

खाली_सही

व्यवहाराचा प्रश्न. ओपीजी काढतो निदान केंद्रवाला, लिहून देतो दंतवैद्य, अहवाल बहुतेक वेळा लिहिलाच जात नाही, नुसतं चित्र येतं. जबाबदारी कोणाची? माझ्या मते चित्र ज्याने मागवलं त्याची. वाक्य साधं ठेवा: ‘खालच्या जबड्याचं कवच अमुक मिमी, वाढ भागून, वर्ग सी-२. वय आणि इतर धोके पाहून डेक्साचा विचार करावा.’ ‘ऑस्टिओपोरोसिस आढळला’ असं लिहू नका.

याचा उलटा फायदाही आहे. बाई डेक्साला गेली आणि औषध सुरू होणार असेल, तर आधी काढायचे दात काढून घेता येतात. बिस्फॉस्फोनेट (वरच्या दोन औषधांचा गट) किंवा डेनोसुमॅब हे हाडांचं औषध चालू असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो. ठिसूळ हाडांसाठीच्या मात्रेत तो थोडा, कॅन्सरसाठीच्या मोठ्या मात्रेत बराच जास्त. आणि दातासाठी डेनोसुमॅब मनाने थांबवू नका, ते सुटलं की मणके मोडू शकतात.

नवशिका_दात

उजवीकडे २.७ आणि डावीकडे ३.४ आलं तर? सरासरी ३.०५ धरून सोडून द्यायचं?

किलोव्होल्ट

आधी डोकं वळलेलं होतं का ते बघा. दोन्ही बाजूंच्या जबड्याच्या उभ्या फांद्यांची रुंदी आणि दाढांची रुंदी ताडून पाहा, एका बाजूच्या रुंद दिसल्या तर वळलेलं होतं. मग कंठास्थीची सावली कोणत्या बाजूला चढली आहे ते बघा, ती बाजू मोजू नका. छिद्र अंधुक असेल तर दोन उपदाढांच्या मुळांमधून लंब टाका आणि तसं लिहा. दात नसतील तर तोही आधार जातो, तेव्हा आकडा देऊच नका, फक्त वर्ग द्या. आणि निव्वळ मापासाठी ओपीजी पुन्हा काढू नका.