नॉर्वेजियन-डॅनिश भूतकालवाचक कृदंत: सगळीकडे 'हार' चालेल का?

(परके शब्द उच्चारानुसार नव्हे, स्पेलिंगनुसार लिहिले आहेत.)

मूळ मुद्दा: 'हार' म्हणजे '(जवळ) बाळगतो', 'एर' म्हणजे 'आहे'. बूकमोल (नॉर्वेजियनचं एक लिखित रूप) शिकणाऱ्याने कृदंताच्या ('आलेला'सारख्या क्रियापदाच्या रूपाच्या) आधी डोळे मिटून 'हार' लावावं. 'तो आला आहे' यासाठी 'हान हार कोम्मेत' आणि 'हान एर कोम्मेत', दोन्ही मान्य. मग दोन नियम कशाला घोकायचे?

प्रतिसाद १: बूकमोलपुरतं ठीक, पण हीच सवय डॅनिशमध्ये नडते. तिथे 'हान एर गोएत' म्हणजे तो निघून गेला, आणि 'हान हार गोएत हेले दागेन' म्हणजे तो दिवसभर चालत होता. जागा किंवा स्थिती बदलली तर 'एर'. किती वेळ, किती अंतर हे सांगायचं तर 'हार'. घर बदललं तर 'येग एर फ्लिट्टेत', पण टेबल सरकवलं तर 'येग हार फ्लिट्टेत बोर्देत', कारण कर्म आलं. आणि नॉर्वेजियनमधलं 'हार ब्लित' ('झालं आहे') उचलून डॅनिशमध्ये 'हार ब्लेवेत' कराल तर साफ चूक. पत्र लिहिलं गेलंय, हे 'ब्रेवेत एर ब्लेवेत स्क्रेवेत' असंच.

प्रतिसाद २: मूळ मुद्द्याशी सहमत नाही. बूकमोलमध्येही 'एर' उगीच नाही. 'हुन एर रेइस्त' म्हटलं की ती आता इथे नाही, हे ठसतं. उलट 'खूप प्रवास केलाय' यासाठी 'हुन हार रेइस्त म्ये'च. तिथे 'एर' चालत नाही.

प्रतिसाद ३: दोघेही नीनोर्स्क, म्हणजे नॉर्वेजियनचं दुसरं लिखित रूप, विसरले! तिथे 'एर' नंतरचं कृदंत कर्त्याप्रमाणे बदलतं: हो एर कोमेन, बार्नेत एर कोमे, देइ एर कोम्ने. पुल्लिंग-स्त्रीलिंगाचं रूप एकच, नपुंसक आणि अनेकवचन वेगळं. 'हार'नंतर मात्र कायम 'कोमे'. 'ती आली, ते मूल आलं, ते आले' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये.

मूळ मुद्दा मांडणारा: जड नाही जात, पण तीच सवय बूकमोलमध्ये गोत्यात आणते. गाड्या चोरीला गेल्या, तर 'बिलेने एर स्त्योलेत', अनेकवचनातही 'स्त्योलेत'च. लोक तिथे 'स्त्योल्ने' करतात. 'स्त्योल्ने' नामाच्या आधी: 'दे स्त्योल्ने बिलेने'. म्हणून म्हणतो, सुरुवातीला 'हार'च.

प्रतिसाद १: हा घोळ विशेषणाचा, 'हार'ने तो सुटत नाही. चोरीला गेलेल्या गाड्या 'हार'च्या वाक्यात घालूनच दाखवा, चोर कोण ते न सांगता आणि 'ब्लित' न जोडता!